आइना, आइनो

आमच्या दफनभूमीत, तळ्याकडच्या रांगेत,
एइनो, रेइनो आणि वाइनो शेजारीशेजारी झोपलेत.
फाटकातून एकाला हाक मारली
तर तिघंही ओ देतील.
वाइनो म्हणजे रुंद, संथ पाणी.
रेइनो कुठल्याशा लांबलचक जर्मन नावाचा तुकडा,
उरलेलं बाल्टिक ओलांडताना गळून पडलं.
एइनोचा अर्थ पाद्रीबुवांनाही सांगता आला नाही.
तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा.

मी दगड कोरते. आधी वडील कोरायचे.
माझं नाव मार्या.
आई म्हणायची, मरीयेवरून ठेवलंय.
वडील म्हणायचे, कसली मरीया,
मार्या म्हणजे दलदलीतलं आंबट रानफळ,
ऑगस्टात बोटं रंगवतं ते.
हा वाद त्यांनी अखेरपर्यंत मिटवला नाही.
मीही नाही मिटवला. दोन्हींना वळून बघते.

मार्चमध्ये आइनो नेवालाइनेन आली,
बहिणीसाठी दगड सांगायला.
राखाडी ग्रॅनाइट, साधा, फुलं-कबुतरं नकोत.
मग विचारलं नसताना म्हणाली:
जुळ्यांतली पहिली मी नव्हे.
पहिली निळी जन्मली, रडली नाही.
सुईणीनं तिला चुलीपाशी
सरपणाच्या पेटीत ठेवलं, वर फडकं टाकून.
मग मी आले. आई म्हणाली, आइनो.
म्हणजे एकुलती.
नाव ठेवून झालं, कॉफी उकळायला लागली,
आणि पेटी रडली.

आता एकुलतीच्या बहिणीला काय म्हणायचं?
बापानं शेवटचा स्वर तेवढा बदलला.
आइना. म्हणजे नेहमी.
परत आलीच आहे, तर राहू दे म्हणाला.
राहिली अठ्ठ्याऐंशी वर्षं.
आणि मी तेवढीच वर्षं खोटं नाव लावून फिरले.

मी कोरायला बसले त्या रात्री
रेडिओवर हॉकीची मॅच होती.
कारण म्हणून सांगत नाही, नुसतं सांगते.
शेवटच्या अक्षराला हवे होते तीन सरळ घाव,
दोन तिरपे, पोटात एक आडवा.
माझी छिन्नी गोल फिरली.
वडील म्हणायचे, गोल अक्षर सर्वांत अवघड,
कुठून सुरू केलं ते दिसता कामा नये.
इतकं सुबक वर्तुळ मी कधीच कोरलं नव्हतं.

ती पायानं रेटायच्या स्लेजवरून आली,
हातमोजा काढला, बोटानं वाचलं.
स्वतःचं नाव. जन्मतारीख बरोबर.
मृत्यू फेब्रुवारीतला.
"गेले म्हणायची मी," ती म्हणाली, "कुणी कळवलं नाही."

मी घासून काढते म्हटलं, फुकट, आत्ताच्या आत्ता.
तिचं बोट त्या वर्तुळात फिरत राहिलं.
"एक पत्र आलं होतं," म्हणाली,
"ओंडके वाहून नेणाऱ्या एका पोराचं.
पाकिटावरचं शेवटचं अक्षर
नीट मिटलेलं नव्हतं, धड उघडंही नव्हतं.
मी माझं समजून वाचलं.
दुसऱ्या पानावर कळलं, माझं नाही.
तिला दिलं नाही. चुलीत टाकलं, त्याच चुलीत."
बाहेर छपरावरून बर्फाची लादी घसरली.
आम्ही दोघी दचकलो.
"तारीख तेवढी घास," ती म्हणाली,
"नाव आता खरं झालंय.
हा माझा. तिच्यासाठी नवा घे.
दोन्हींचे पैसे लाव."

आइनाचा दगड मे महिन्यात बसवला,
जमीन मऊ झाल्यावर.
आइनोचा माझ्या शेडमध्ये उभा आहे,
तारखेच्या जागी फिकट, गुळगुळीत पट्टा.
कधी येऊन बघून जाते,
वेलचीचा पाव ठेवते, दगडावर नाही, माझ्या टेबलावर.

परवा फोन वाजला. बाहेर वारा,
ओळीवर खरखर.
कोण बोलतंय, मी विचारलं.
पलीकडून नाव आलं,
शेवटचा स्वर वाऱ्यात गेला.
मी पुन्हा विचारलं नाही.
बोल, म्हटलं, ऐकतेय.